चावी कुणाकडे ठेवायची

माझ्या पुतणीला मुंबईत नोकरी लागली आणि तिचं पत्र आलं, "काकू, येताना काय काय आणू?" मी उलट टपाली कळवलं. अंथरूण, एक ताट, दोन वाट्या, लहान कळशी, बाकी सगळं इथं मिळतं. पत्र पेटीत टाकून आले आणि मग वाटलं, हिनं विचारलं तेवढ्याचंच आपण उत्तर दिलं. काय आणायचं ते मलाही येताना नीट ठाऊक होतं. ज्याच्यापायी माझी मुंबई जवळजवळ सुटली होती, ते वेगळंच होतं.

मी आले ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, दिवाळी उलटल्यावर, बोटीनं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीनही वर्षं मी सासरी, देवगडच्या बाजूला होते. हे लालबागला एका मिलच्या कचेरीत कारकून. आमच्याकडे मुंबईला जायचं ते पुरुषांनी. बायको गेली की त्याला 'बिऱ्हाड केलं' म्हणत, आणि बिऱ्हाड करायचं तर घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी लागे. सासूबाईंचे गुडघे धरलेले, लावणीला हात कमी. तरी मामंजींनी मला पाठवलं ते एका अटीवर. म्हणाले, "मिरगापर्यंत बघ. जमला तर रव, नायतर लावणीक परत ये." मला परत जायचं नव्हतं. नवऱ्याचं तोंड वर्षातून एकदा गणपतीत बघायचं, हे मला आणखी सोसवत नव्हतं.

म्हणून मी तयारी अगदी चोख केली. पाटा-वरवंटा आणला, तांब्याचा हंडा आणला, कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ, सगळं. हंडा इतका मोठा की चाळीच्या नळाखाली तो बसेचना. तो तिरका धरून अर्धा भरायचा आणि मागच्या बायकांचे शब्द ऐकायचे. पाटा ठेवला तर माणसांना पाय पसरायला जागा उरेना. पण यांपैकी कशानंही काही बिघडलं नाही. बिघडलं ते कुलपानं.

मुंबईत चोर फार, असं सांगून माझ्या मामांनी बोटीत बसताना एक पितळी कुलूप माझ्या हातात दिलं होतं. गावात आमच्या घराला कधी कडीसुद्धा लागत नसे. मुंबईत मात्र कुलूप लावायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. खोली एकच. तिच्यात आमच्याबरोबर गावचे दोघे राहायचे, एक माझे चुलत दीर आणि दुसरा त्यांच्याच वाडीतला सोबती. मी यायच्या आधी तिघं पुरुष त्या खोलीत राहत होते. मी आल्यावर हे दोघं आपणहून बाहेर गॅलरीत झोपायला लागले. त्यांच्या ट्रंका मात्र खोलीतच. दोघंही मिलमध्ये पहिल्या पाळीला होते, आणि जेवायला शेजारच्याच खोलीतल्या खानावळीत.

आठवडाभरानं मी दुपारची ट्रामनं गिरगावात आत्याकडे गेले. जाताना दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि चावी कनवटीला लावली. परत आले तेव्हा दिवे लागले होते. दोघं भावोजी जिन्यात बसलेले. केसांत कापसाचे तंतू, अंगात सकाळचे घामेजलेले कपडे. साबण, टॉवेल, धुतलेला सदरा, सगळं ट्रंकेत, आणि ट्रंका कुलपाआड.

"वैनी," दीर म्हणाले, "तुमी बँक उघडलात काय खोलयेत?"

सोबती हसला नाही. नुसता उठला.

मी दार उघडलं. दोघांनी कपडे घेतले आणि नळावर गेले. मजल्यावर एकही बाई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हंडा भरताना मागून ऐकू आलं, "सावकाश भरा हो. कुलूपवाल्या बाई आहेत."

खानावळ चालवणाऱ्या बाई सातारकडच्या होत्या. सगळी चाळ त्यांना मावशी म्हणायची. विधवा, हाताला दणकट, आवाजानं त्याहून. तीन दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"आगं, कुलूप लावायचं तर लाव की. कोण नगं म्हणतंय? मीबी लावते."

"मग चुकलं काय, मावशी?"

"चावी घिऊन गेलीस ते चुकलं." त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं आणि चुलीमागची खुंटी दाखवली. तिच्यावर सुतळीत ओवलेल्या चाव्या लोंबत होत्या. "ही पलीकडच्या गुरवाची. ही दोन पाळीवाल्या भावांची. ही त्या तिसऱ्या खोलीची, तिचं पोर शाळंतनं दुपारी येतंय. चावी शेजारी ठेवायची, म्हंजे घरच्या माणसाला घर मिळतंय."

त्या दिवसापासून मीही चावी त्यांच्याकडे ठेवू लागले. भावोजी पाळी सुटल्यावर चावी घेत, आंघोळी उरकत, आणि चावी परत खुंटीवर. कुलूप तेच होतं. पण मधल्या काळात एक बातमी बोटीत बसून गावाला पोचली होती. कुणी नेली ते मी शोधलं नाही. त्या काळी बोटीतून पत्रापेक्षा तोंडी निरोप लवकर जात. बातमी अशी होती, की सुनेनं गाववाल्यांना बाहेर काढून खोलीला कुलूप लावलं.

गावात याचा अर्थ काय होतो हे सांगायला हवं. मुंबईतली खोली ही तिथे एकट्याची समजत नसत. नव्या पोराला पहिली रात्र काढायला, आजाऱ्याला इस्पितळ दाखवायला, गाव त्या खोलीवर विसंबून असे. जिनं ती बंद केली, तिनं सासऱ्याचं तोंड गावात बंद केलं.

पौषात मामंजी स्वतः आले. यांनी त्यांना भाऊच्या धक्क्यावरून आणलं. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आधी दाराच्या कडीकडे बघितलं. मी पाया पडले. ते म्हणाले, "परवाच्या बोटीन जावचा असा. तयारी कर." ह्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "तू गप रव." मी चहा ठेवला. खालमानेनं. माझ्या मनात शब्द तयार होते, चाव्या, खुंटी, मावशी, सगळं. पण सासऱ्यांपुढे तोंड उघडून स्वतःची बाजू मांडायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि ह्यांचं ते ऐकून घेईनात.

त्याच सकाळी मावशी दारात आल्या होत्या. काळाचौकीला त्यांची बहीण बाळंत झाली होती. "तासाभरात येते," म्हणाल्या, आणि चाव्यांचा तो सगळा जुडगा, त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या चावीसकट, माझ्या हातात देऊन गेल्या. मामंजी तेव्हा तोंड धूत होते.

दुपारी रस्त्यावर गडबड सुरू झाली. आधी घोषणा, मग धावपळ, मग तो डोळ्यांना झोंबणारा धूर. खालच्या दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या. संध्याकाळपर्यंत संचारबंदी लागली. रस्त्यात दिसेल त्याला पोलीस उचलतात, असं सगळेच म्हणत होते. मावशी काळाचौकीला अडकल्या.

आणि त्यांच्या खानावळीचे मेंबर आले. दहाबारा माणसं, गॅलरीत भिंतीला टेकून उभी. काही आमच्याच चाळीतली, काही मागच्या चाळीतली, कौलांवरून, कठड्यावरून आलेली. सकाळपासून उपाशी. मावशीच्या दाराला कुलूप.

"मावशी नाहीत?"

"नाहीत."

"मग आता?"

आमचे दीर मोठ्यानं म्हणाले, "जेवाण झालाच पायजे!" त्यावर दोनचार जण हसले, पण हसण्यात जोर नव्हता.

चावी माझ्या हातात होती. मावशीनं ती दुसऱ्यांची दारं उघडायला दिली होती. तिच्या कोठीला हात लावायला नव्हे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वडिलांकडे बघत होते. मामंजी खाटेवर बसून माझ्या हातातल्या जुडग्याकडे बघत होते.

"ह्यो कसलो जुडगो?" त्यांनी विचारलं.

"मजल्याचा," मी म्हटलं. "मावशी बाहेर गेल्या तर माझ्याकडे ठेवून जातात." खरं म्हणजे हे पहिल्यांदाच घडलं होतं, पण ते सांगायला वेळ नव्हता. मी उठले, मावशीचं दार उघडलं आणि स्टोला पंप मारला.

पुढचं सगळं व्यवस्थित झालं असं नाही. डाळ मला शिजवता येत होती, भातही. ज्वारीची भाकरी मात्र माझ्या हातून कधी झाली नव्हती, आणि ही माणसं बहुतेक घाटावरची, भाताकडे ढुंकूनही न बघणारी. माझ्या पहिल्या भाकरीचे परातीतून उचलतानाच तीन तुकडे झाले.

"वैनी, हा काय महाराष्ट्राचा नकाशा?" दीर म्हणाले. "मुंबय खंय गेली ह्यातली?"

आता मात्र सगळे खरंच हसले. त्यातला एक उंच, मिशाळ माणूस पुढे आला, "सरा बाई," म्हणाला, आणि माझ्या हातातलं पीठ घेऊन थापायलाच बसला. त्याच्या भाकऱ्या ताटाएवढ्या आणि कडेपर्यंत सारख्या. दुसरा कांदे फोडू लागला. भावोजींचा सोबती, जो कुलपाच्या दिवसापासून माझ्याशी धड एक शब्द बोलला नव्हता, तो पाण्याच्या कळशा आणत राहिला. "वैनी, हंडो काडा," म्हणाला, "आज तो कामाचो." माझा तो अवाढव्य हंडा त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण भरला.

मी मागे वळले तेव्हा मामंजी दारात होते. हातात सूप. त्यांनी कुणाला न विचारता खाली बसून उद्याचे तांदूळ निवडायला घेतले होते. खडा सापडला की नखानं उडवत.

आमटीत मीठ जास्त पडलं. कुणी बोललं नाही, पाणी मात्र सगळ्यांनी भरपूर मागून घेतलं.

मावशी तिसऱ्या दिवशी आल्या, संचारबंदी दुपारी थोडी उठली तेव्हा. घामाघूम. त्यांनी आधी कोठीत डोकावून बघितलं, मग डब्यांची झाकणं उचलली, मग माझ्याकडे वळल्या. मी किती पीठ, किती डाळ काढली ते सांगू लागले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मेंबरांचं पोट भरलं न्हवं? त्यातला एक जरी दुसऱ्या खानावळीला गेला असता ना, तर तुला बघितलं असतं." मग मामंजी बसलेले दिसले तशा पदर सावरून म्हणाल्या, "आवो, सून चांगली हाय तुमची. फकस्त भाकरीचं काय खरं न्हाई."

मामंजींनी त्यावर मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. गडबडीत बंद पडलेल्या बोटी पुन्हा सुरू झाल्याचं कळलं होतं आणि माझी ट्रंक अजून भरलेली नव्हती. त्यांनी 'भर' म्हणून पुन्हा सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. विचारलं आणि उत्तर नको ते आलं तर, या भीतीनं मी दोन दिवस भांडी घासत काढले.

निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी आपली पिशवी खांद्याला लावली, सदऱ्याची बटणं लावली, आणि मग एकदम, दाराकडे बघतच म्हणाले,

"दर साल पावसाआधी झिलाक एकट्याचे तांदूळ धाडतंय. औंदा किती धाडू?"

आमच्या घरात एवढंच म्हणायची पद्धत होती. 'राहा' असं कुणी म्हणत नसे. मला ते समजायला एक क्षण लागला. मग मी हिशेबावरच गेले. तो मला येतो.

"दोघांचे," मी म्हटलं. मग आठवलं. दोघं भावोजी खानावळीतच जेवणार, मावशीची गिऱ्हाइकं तोडून चालणार नाही. पण रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं, सगळेच रविवार. "आणि रविवारचे चौघांचे."

मामंजी मागे वळले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"आयतवाराचे येगळे बांदून धाडू काय गो?"

गॅलरीत अंथरुणं गुंडाळणारे दोघं भावोजी खो खो हसू लागले. हे खालच्या पायरीवरून ओरडले, "बाबा, चला, बोट सुटतली!"

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं तांदूळ आले. गोण एकच होती. ती जिन्यावरून वर आणायला तिघं पुरुष लागले.