खंदकातलं गाळलेलं वाक्य

कतारला निघालो त्या सकाळी आईनं जीप वेशीपाशी थांबवायला लावली. आमच्या वेशीत एक दगडी पाटी आहे. या गावातून किती माणसं पहिल्या महायुद्धावर गेली आणि किती परतली नाहीत, एवढंच तिच्यावर कोरलंय. न परतलेल्यांत माझे पणजोबा. फ्रान्समध्ये खंदक खणायला गेले आणि खंदकातच राहिले.

"पाटीला हात लाव आन् सांग, खड्ड्यात उतरायचं न्हाई," आई म्हणाली.

"अगं, दोह्यात एसी हापिस हाय. फिरती खुर्ची हाय," मी हात लावून सांगितलं.

कामाच्या कागदावर 'फोरमन' लिहिलेलं होतं आणि काम होतं सांडपाण्याच्या पाइपलाइनचं. पण खोटं बोलावं तर सजवून, हा माझा बाणा. दोह्याच्या अल सद्द भागात एका पुणेकर मित्राचं ऑफिस होतं. त्याच्या खुर्चीत बसून फोटो काढला आणि आईला पाठवून दिला. बाजूला फुलदाणीसुद्धा ठेवली होती.

त्याच दुपारी खंदकात उतरलो. वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याखाली तीन पुरुष खोल चर खणला होता. खाली गेलं की आभाळाची पट्टी उरते, वरचे आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखे येतात, आणि भिंतींना खारट, ओला वास असतो. तोंडानं मी विनोद करत होतो आणि हात शिडीला चिकटले होते. पणजोबांना शेवटी हाच वास आला असेल का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

आमचा सेफ्टी ऑफिसर ग्रँट, कॅनडाचा. त्याचेही पणजोबा त्याच महायुद्धात, फ्रान्सच्याच खंदकांत लढलेले. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी तो सगळ्यांना सूचना द्यायचा, आणि विमी नावाच्या टेकडीची गोष्ट सांगायचा. ती टेकडी घेण्याआधी कॅनडाच्या सैनिकांनी मागच्या शेतात फिती ताणून शत्रूचे खंदक आखले आणि त्यावरून चालण्याची तालीम केली. नकाशे साध्या शिपायांनाही वाटले. का? अधिकारी पडला, तरी पुढे काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक असावं म्हणून. ग्रँटही वाळूवर फिती ताणून आम्हाला शिडीपर्यंत चालायला लावायचा. शेवटी म्हणायचा, "खाली पाणी झिरपताना दिसलं, तर हुकमाची वाट बघू नका. सरळ वर या."

त्याच्या इंग्रजीचं हिंदी मी करायचो. करायचो कसलं, प्रयोग लावायचो! तोफा धडाडायच्या, चिखल उडायचा, कॅनडाचे वीर फावडं खांद्यावर टाकून टेकडी चढायचे. बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीतून पहाटे बसनं आलेली, झोपाळलेली माणसं शिट्ट्या मारायची. टाळ्यांनंतर ते शेवटचं कोरडं वाक्य बोलायला जिवावर यायचं. कधी घाईत म्हणायचो, बहुतेकदा गाळायचो.

एका सकाळी चराच्या टोकाला, आधाराचे लोखंडी पत्रे अजून बसायचे होते तिथे, तळाशी पाणी चमकलं. खाली पाच माणसं होती. त्यांना पाणी दिसलं. पाचही जणांनी हातातलं काम थांबवलं आणि माना वर करून माझ्याकडे पाहिलं.

ते हुकमाची वाट बघत होते.

इतकं बोलणारा माणूस मी, आणि शब्द फुटेना. भिंतीवरून चिमूटभर माती घरंगळली. मग कसाबसा ओरडलो, "ऊपर! यल्ला, ऊपर!" चौघे भराभर चढले. शेवटी नांदेडचा संपत, पन्नाशीचा फिटर, गुडघ्यानं अधू. शिडीच्या टोकाशी त्याचा हात मी धरला, त्याला वर ओढला, आणि त्याच्या पायामागं भिंत बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. कुणी पोतं टाकावं तसा धप्प.

"कॅनडावाले असे खालीच थांबले असते का रे?" मी विचारलं.

संपत धापा टाकत म्हणाला, "तुम्हीच सांगावं की, भाऊ. आम्ही तर तुमच्याच तोंडाकडं बघायलो होतो."

ग्रँटला मी सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "उद्यापासून ते वाक्य सगळ्यात आधी बोल." तेव्हापासून ते सगळ्यात आधी बोलतो, आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतो. तोफा नंतर.

संध्याकाळी आईला फोन लावला आणि खुर्चीपासून खंदकापर्यंत सगळं सांगितलं.

"पाटीला हात लावून खोटं बोललास?"

"व्हय."

"आता वर हायस न्हवं?"

तिकडे गावाकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, वर्ल्ड कप होऊन गेला. त्या चरावरून आता गाड्या पळतात. मी खरोखरच अल सद्दच्या ऑफिसात बसतो, नव्या माणसांना सुरक्षा शिकवतो, खुर्ची फिरती आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर गावाचं नाव सांगतो, पण मनात येतो तो आईचा फोन. आई अजूनही आधी जेवलास का विचारत नाही. विचारते, "वर हायस का खाली?"

"वर हाय, आई," मी म्हणतो. म्हणण्याआधी मात्र एकदा पायाखाली बघून घेतो.