मोटारीचं घर

जगात निर्जीव असं काही असतं, यावर माझ्या मावसाजींचा काडीचा विश्वास नाही. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आर्णीत गावाच्या टोकाला त्यांचं घर आहे, मागे विहीर आहे आणि घरातल्या एकूण एक यंत्राशी त्यांचं घरोब्याचं नातं आहे. मिक्सरमध्ये चटणी फिरत असली की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मावशीला म्हणतात, "अवं, दम घेऊ दे ना त्याले जरासा." उन्हाळा सरला की कूलर पुसूनबिसून त्याच्यावर जुनी सोलापुरी चादर टाकतात, मग दिवाळीपर्यंत त्या खोलीत कोणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नाही. एकदा यवतमाळला माझ्याकडे आले होते. पोह्यांचा पहिला घास घेतला आणि वर पाहत बसले. मला वाटलं, मीठ जास्त झालं. तर म्हणाले, "तुह्या पंख्याले काहीतरी त्रास हाये राजा. कण्हून राह्यला तो." पंखा उतरवून त्याला तेल दिल्यावरच ते पोह्यांकडे वळले. तोवर पोहे थंड होऊन गेले होते, पण चेहरा मात्र रोग्याला उतार पडलेल्या डॉक्टरासारखा प्रसन्न होता.

या सगळ्या गोतावळ्यात विहिरीवरची मोटार सर्वांत लाडकी. ती ओट्यावर उघड्यावर बसवलेली. ऊन लागू नये म्हणून मावसाजींनी तिच्यावर छत्री बांधून पाहिली. ती वांदरांनी नेली. मग गोणपाटाचा बारदाना पांघरला, तर आत मोटार तापायला लागली. शेवटी असं ठरलं की एरवी तिला मोकळी ठेवायची आणि आभाळ आलं की घमेलं पालथं घालायचं. ठरवलं मावसाजींनी, पण धावत जायची मावशी. ढग गडगडला की हातातली पोळी तव्यावर टाकून ती घमेलं घेऊन पळायची. असंच एका संध्याकाळी पळताना ओल्या ओट्यावर तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं.

त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. एरवी तिथल्या लिफ्टचीही विचारपूस करणारे मावसाजी तिच्याकडे ढुंकूनही न पाहता बाकावर बसून होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "मावसाजी, ती मोटार काढून टाका. पाण्यात बुडवायची नवीन येते आता, तिला पावसाची भीती नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मोटार तं कवाही नवी भेटते रे राजा. हात भेटते का?" मोटारीला कोणी बदलता येण्यासारखी वस्तू म्हटलेलं, तेही मावसाजींनी, मी पहिल्यांदाच ऐकलं.

मावशी प्लास्टर घालून घरी आली आणि मावसाजींनी मोटारीचं घर बांधायला काढलं. गवंडी बोलावला, तर तो म्हणाला, चारही बाजूंनी विटा लावून डबा करून टाकू. मावसाजी उखडले. "डबा कायले? तिचा श्वास कोंडन ना बाप्पा!" गवंड्याला चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं आणि स्वतः थापी हातात घेतली. न्हाणीघराच्या उरलेल्या विटा काढल्या, मोटारीखालचा ओटा चांगला उंच केला, दोन्ही बाजूंच्या भिंतींत हवेसाठी विटांच्या फटी सोडल्या, जुन्या कूलरच्या पत्र्याचं उतरतं छप्पर केलं आणि वांदरं शिरू नयेत म्हणून पुढे जाळीचं दार बसवलं. मागच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं ते छोटं देऊळ समजून हात जोडले आणि जास्वंदीचं फूल ठेवलं. मावसाजींनी तिला काही सांगितलं नाही. मी हसलो तर मला म्हणाले, "पाणी देते ना ते? मंग?"

सगळं झाल्यावर त्यांनी मावशीला हाताला धरून पाहायला नेलं. तिनं घराला एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "छान हाये. पण आवो, मोटारीनं हवा धरली तं पाणी कुठून भरता तिच्यात?" हवा धरली की मोटार पाणी ओढत नाही, वरून ओतावं लागतं. ते ओतायची तोटी मोटारीच्या डोक्यावर, आणि तिच्या वर मावसाजींचं पक्कं ठोकलेलं छप्पर! मावसाजींनी डोकं खाजवलं. मग छप्पर उचकटलं आणि बिजागऱ्या लावून पेटीच्या झाकणासारखं उघडतं केलं. पुढे जो कोणी पाहायला येई त्याला ते सांगत, "भिंती माह्या. छत हिचं."

फाल्गुनात गहू कापणीला आलेले असताना एका दुपारी मी तिथं जेवायला होतो आणि अचानक आभाळ काळं झालं. पहिली गार पत्र्यावर ताडकन आदळली तशी मावशी सवयीनं पाटावरून उठली. मावसाजींनी तिच्या बऱ्या झालेल्या मनगटावर हात ठेवला. "बस व. घर हाये आता तिले." ती बसली. बाहेर वांग्याची रोपं झोडपून निघत होती, लाईट गेलेली होती आणि आम्ही दाराच्या उजेडात वरण-भात खात होतो. गारा थांबल्यावर मी मावसाजींच्या मागोमाग विहिरीवर गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि लेकराचा ताप पाहावा तशी पालथी बोटं मोटारीला लावली. दारातून मावशीनं विचारलं, "भिजली का?" ते म्हणाले, "कोरडी ठणठणीत!" दोघंही अशी हसली, की मी उगाच विहिरीत डोकावून पाहू लागलो.

आता मावसाजींना ऐकू फार कमी येतं. कानाचं मशीन आणून दिलंय, पण ते त्याला फार राबवत नाहीत. मोटार सुरू केली की ती चालली की नाही, हे त्यांना समजत नाही. मावशी आतून ओरडून सांगते, तेही पोहोचत नाही. मग ते सावकाश मागे जातात आणि त्या छोट्या भिंतीवर तळवा टेकवतात. विटांमधून थरथर हाताला लागली की मान हलवतात. टाकी भरून वाहायला लागते, मावशी हाका मारते, आणि मावसाजी मात्र भिंतीवर हात ठेवून अजून थोडा वेळ तसेच उभे असतात.