आजच की परवा

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं, की बाळाची कवटीच तयार झालेली नाही आणि ते जगणार नाही. रोह्याहून मी सासूबाईंबरोबर पेणच्या हॉस्पिटलात गेले.

डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग सांगितले. कळा आणणाऱ्या गोळ्या आजच सुरू करायच्या, किंवा आज फक्त एक वेगळी गोळी घेऊन घरी जायचं आणि कळांच्या गोळ्यांसाठी परवा दाखल व्हायचं.

"आजच उरका. घरी जाऊन काय करायचं हाय?" सासूबाई म्हणाल्या. माझं डोकं फिरलं.

डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. "मावशी, बिरड्याचे वाल कधी भिजवता?"

"दोन दिवस आधी. मोड यायला नकोत?"

"आणि तसेच सोलले तर?"

"नखं मोडतील. साल सुटायची नाय."

"ही पहिली गोळी म्हणजे ते भिजवणं. नुसत्या कळांच्या गोळ्यांनीही होतं, पण बहुतेक वेळा जास्त वेळ सोसावं लागतं."

इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी स्वतः ठरवून टाकलं नाही. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "तुला काय हवंय?" सोनोग्राफीपासून घरातला प्रत्येक जण बोलत होता. विचारलं ते फक्त या बाईंनी.

मी परवा म्हटलं.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी मला खिडकी दिली. गडब गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "चांगली हाय गो ती डॉक्टरीण. पण आता थोडे दिवस घरात वाल नाय भिजवायचे."