सासूबाईंचा मूव्हसेट

लग्न होऊन चौलला आले तेव्हा माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळलेला एक गेम कंट्रोलर होता. सामान लावताना तो सासूबाईंच्या हाती लागला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, एक बटण दाबलं, दिवा लागला तसा चटकन खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, "तुला बीपीचा त्रास हाय का गं? आधी सांगायचंस. कालवणात मीठ बेतानं घातलं असतं."

"बीपीचं नाही आई, खेळायचं आहे ते."

"कोण खेळणार?"

"मी."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मी रेवदंड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. माहेर माणगावचं. तिथे भाऊ आणि मी मारामारीचे गेम खेळतच वाढलो. त्याचा नाद पुढे सुटला, माझा नाही. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात, मारतात, अडवतात, आणि ज्याच्या जीवाची पट्टी आधी संपेल तो हरतो. बाहेरून बघणाऱ्याला नुसती बटणं बडवल्यासारखं वाटतं, पण आत सगळं गणित असतं. एका सेकंदाचे साठ तुकडे करायचे, एकेका तुकड्याला फ्रेम म्हणायचं. कुठला ठोसा किती फ्रेममध्ये लागतो, चुकला तर हात मागे घ्यायला किती फ्रेम जातात, तेवढ्यात समोरचा काय करू शकतो. एखाद्या लढवय्याच्या अशा सगळ्या वारांच्या यादीला मूव्हसेट म्हणतात. ज्यांना गेमचं फारच वेड असतं ते स्वतःच नवे मूव्हसेट रचतात आणि इंटरनेटवर एकमेकांना दाखवतात. मी त्यातली.

मी खेळायचे त्या गेममध्ये एका बंदरावरची लढत आहे. पुढे दोघं एकमेकांना बुकलत असतात आणि मागे एक म्हातारी शांतपणे धक्का झाडत असते. पुढे आग लागो, वीज पडो, तिचा झाडू थांबत नाही. तिला गेममध्ये नाव नाही, काम नाही. एका वर्षी आमच्या मंडळींनी इंटरनेटवर स्पर्धा काढली: गेममध्ये जे लढत नाहीत त्यांच्यातल्या एकाला लढवय्या करा. नियम दोन. प्रत्येक वाराची फ्रेम लिहायची, आणि लढवय्याला एक तरी खरीखुरी कमजोरी द्यायची. कमजोरी नसेल तर प्रवेशिका बाद.

मी म्हातारी घेतली. पण आठ दिवस झाले तरी माझ्या म्हातारीला झाडण्यापलीकडे काही येईना.

मे महिन्याची सुट्टी होती. सकाळी मी पडवीत वही घेऊन बसले होते आणि वाडीत वानरं उतरली. आमची वाडी म्हणजे नारळ, सुपारी, कडेला चार पपया. वानरं आली की शहाळी तोडतात, दोन घोट पितात आणि फेकून देतात. सासूबाईंना खरा राग त्या फेकून देण्याचा. "पितोस तर पुरतं पी ना, मेल्या!" असं त्या प्रत्येक वानराला स्वतंत्रपणे ऐकवतात.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदर कमरेला खोचला आणि चालायला लागल्या. धावल्या नाहीत. हुप्प्या, म्हणजे टोळीचा म्होरक्या, विहिरीच्या कठड्यावर बसून दात विचकत होता. सासूबाईंनी गलोलीतून पहिला खडा त्याच्या अंगावर नाही, त्याच्या मागच्या पत्र्यावर मारला. पत्रा वाजला तसा तो पुढे उडी मारून आला, आणि जिथे पडला तिथे खराटा आधीच येऊन थांबला होता.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. लांबून खडा मारून शत्रूला पुढे आणायचं आणि उतरता उतरता झोडायचं! हे शिकायला मला सहा वर्षं लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी चोरून शूटिंग सुरू केलं. खिडकीच्या गजाला फोन लावायचा, नंतर सावकाश चालवून फ्रेम मोजायच्या. खराट्याचा आडवा फटका चौदा फ्रेम. गलोल बावीस. मोकळा डबा बडवणं हा वार नव्हे, पण वानर तीस फ्रेम जागेवर गोठतं. सगळ्यात मोठा शोध पदराचा होता. पदर मोकळा असताना त्या फक्त बोलतात. पदर खोचला की फटक्याचा वेग जवळजवळ दुप्पट. गेममध्ये काही लढवय्यांना असे दोन अवतार असतात. आमच्या घरात एक आयता तयार होता.

जवळून पकडण्याचा वार मात्र वानरांवर कधी दिसला नाही. तो नवऱ्यावरून घेतला. तो रोह्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. एकदा डबा कंपनीत विसरून आला तेव्हा सासूबाईंनी त्याचा कान धरून त्याला दारातून मोरीपर्यंत नेलं, आणि गजाला फोन चालूच होता. पाच फ्रेम. इतकी जलद पकड त्या अख्ख्या गेममध्ये कुणाची नाही.

हे सगळं वहीत नीट लिहिलं, आकृत्या काढल्या आणि वही चुकून जेवणाच्या टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या. शेजारी नवरा, समोरचा चहा न पिता, अपघात बघायला थांबलेल्या माणसासारखा.

"'आई. लांबचा हल्ला, गलोल,'" सासूबाईंनी मोठ्यानं वाचलं. "'जवळचा हल्ला, खराटा. पकड, कान.' हे काय हाय गं?"

मी तोंडाला येईल तसं सांगितलं. गेम, म्हातारी, स्पर्धा, आणि तुम्ही किती सुंदर मारता. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही माझ्यापुढे फिरवून एका आकृतीवर बोट ठेवलं.

"खराटा असा धरतात?"

"म्हणजे?"

"हा असा धरला तर हिरं निसटून पडतील सगळी. मूठ बुडख्याला हवी. ऊठ, दाखवते."

त्यांनी अंगणात नेऊन दाखवलं. वानराच्या जागी आपल्या मुलाला उभं केलं. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, ती तशीच गेली. सकाळभरात मला सात नवे वार मिळाले. ओल्या फडक्याचा फटका, झावळी ओढत आणून वाट अडवणं, पायाखाली करवंटी सरकवणं. करवंटीवरून नवरा खरंच घसरला. "हे लिही," सासूबाई म्हणाल्या, "पण किती फ्रेमा ते नीट मोज."

मग त्या शेवटच्या पानावर आल्या. तिथे फक्त मथळा होता: कमजोरी.

"इथं काय न्हाय लिहिलंस?"

"ठरायचं आहे अजून."

"मग लिही, न्हाय म्हणून."

"आई, एक तरी द्यावीच लागते. नाहीतर बाद करतात."

"गुडघे," नवरा खालूनच म्हणाला. तो अजून उठला नव्हता.

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"जिना चढताना..."

"जिना उंच हाय!"

मी मध्यस्थी करायला गेले आणि घात झाला. म्हटलं, "गुडघे नको. उडी कमी पडते असं लिहू या. या वयात चालतं तेवढं."

सासूबाईंनी चष्मा काढला, मिटला आणि आत गेल्या. तेव्हापासून त्या मला "मॅडम" म्हणायला लागल्या. "मॅडम, जेवायला वाढू?" "मॅडमना आमटी हवी का विचार रे." बोलणं गोड, वाढणं भरपूर, आणि घास घशाखाली उतरेना. नवरा म्हणाला, "माझं तरी कानावर भागतं."

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर कळशी भरत होते. सासूबाई पपईच्या झाडाशी गलोल ताणून उभ्या होत्या. वर एक वानरी होती, एकटीच. टोळी पुढे निघून गेली असावी. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, इतकं लहान की त्याचे कान अंगापेक्षा मोठे वाटत होते. वानरीनं सासूबाईंकडे पाहिलं. हलली नाही. एक हात पपईवर, एक पिल्लावर.

सासूबाईंनी गलोल उतरवली. मग स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, "जास्वंदीला पाणी घालायचं राहिलं," आणि पाठ करून उभ्या राहिल्या. जास्वंद दुसऱ्या बाजूला होती. वानरीनं पपई तोडली, एका हातानं कवटाळली आणि कुंपणावरून गेली. ती गेल्याची खात्री करायला सासूबाई वळल्या आणि समोर मी.

मला कळशी जड झाली होती, पण खाली ठेवायचं सुचेना.

"ती पपई नासकीच होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझी नजर लई वाईट गं. मास्तरणीची." मग माझ्या हातातली कळशी घेऊन त्यांनी कठड्यावर ठेवली. "लिहिणार काय हे?"

मी गणित मांडलं ते खरं तर त्याच क्षणी. शत्रूच्या जीवाची पट्टी अगदी थोडी उरली, की म्हातारीचा हात अर्धा सेकंद थबकणार. तीस फ्रेम. चांगल्या खेळाडूला निसटायला, उलटून मारायलाही तेवढ्या पुरे. यापेक्षा मोठी कमजोरी मी कुठल्याच लढवय्यात पाहिली नव्हती. पण मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. गुडघेच टाकते."

"गुडघे नको," त्या झटकन म्हणाल्या. थोडा विचार केला. "हेच लिही. तिकडं परदेशातली माणसं वाचणार ना?"

"हो."

"मग चालंल. इथल्या वांदरांना कळता कामा नये, एवढंच."

त्या दिवशी दुपारी मला "मॅडम" न म्हणता, नुसतं "ए, ताट घे" म्हणून हाक आली. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

प्रवेशिका पाठवली. नंबर काही आला नाही. निकाल देणाऱ्यांनी लिहिलं की कल्पना छान आहे, पण पाच फ्रेमची कान-पकड कुठल्याही माणसाला शक्य नाही. मी ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बोलाव त्याला इकडं." नवऱ्यानं कान झाकून घेतले आणि म्हणाला, "त्याला लिही, साक्षीदार आहे म्हणून."

पण तेवढ्यावर ते संपलं नाही. दूर कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसाला म्हातारी फार आवडली. त्याच्यासारखे लोक गेमच्या पोटात शिरून नवे लढवय्ये बसवतात. त्यानं मला लिहिलं की मी हिला बनवतो, पण हिचा आवाज पाठवा: मारताना, मार खाताना, जिंकताना.

मारतानाचा आवाज सोपा गेला. सासूबाई पडवीत फोनसमोर उभ्या राहून ओरडल्या, "हाड! निघ मेल्या! फेकतोस व्हय रे शहाळं!" मार खातानाचा मात्र जमेना. "मला कोण मारतंय?" हा त्यांचा प्रश्न. शेवटी नवरा म्हणाला, पायावर पाटा पडला तेव्हा ओरडलीस तशी ओरड. त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या काकू पीठ माखल्या हातांनी कुंपण ओलांडून आल्या.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोण न्हाय. मी गेममध्ये चाल्लेय," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे. ते सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये आलं आणि त्या माणसानं, भाषा न कळल्यामुळे, "कोण पडलं?" हा काकूंचा आवाज जिंकल्यावरचा म्हणून घातला. आम्ही तो बदलू दिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत फाइल आली. टीव्हीसमोर सासूबाई, मी, नवरा, आणि आपला आवाज ऐकायला काकू. पडद्यावर नऊवारी नेसलेली म्हातारी आली. तिनं पदर खोचला. काकूंनी टाळी वाजवली. सासूबाई मात्र पुढे वाकून बारीक नजरेनं बघत होत्या.

"थांब. हिला इकडं तोंड करायला लाव."

मी म्हातारीला दुसऱ्या बाजूला नेलं.

"बघ. आता पदर उजव्या खांद्यावर गेला."

खरंच गेला होता. अशा गेममध्ये लढवय्या वळला की चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात. डावं उजवं होतं. इतकी वर्षं खेळून मला हे कधी खटकलं नव्हतं. त्या माणसाला कळवलं. त्यानं फार माफी मागितली आणि लिहिलं की दुसऱ्या बाजूची सगळी चित्रं नव्यानं काढावी लागतील, तीन महिने जातील. सासूबाई म्हणाल्या, "काढू दे. घाई न्हाय म्हणावं. जेवत-खात कर."

त्यानं काढली. साडेतीन महिने लागले.

आता रविवारी सकाळची कामं आवरली की सासूबाई माझ्याबरोबर खेळायला बसतात. स्वतःची म्हातारी मात्र त्या घेत नाहीत. त्यांनी एक अवाढव्य, मिशाळ पैलवान निवडलाय, जो काही न बघता धाडकन समोरच्याच्या अंगावर पडतो. ब्लॉक करायचं बटण कुठलं हे मी चार वेळा सांगितलं. "ते तुला लागतं," म्हणतात. परवा सलग तीनदा मला हरवल्यावर त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, नवऱ्याला चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाल्या, "तू जरा गडबडतेस गं."