सॉरी, खो

आमच्या शाळेत शनिवारी अभ्यास नसतो, ॲक्टिव्हिटी असतात. नवीन पनवेलमधली खासगी इंग्रजी शाळा म्हटल्यावर ते ओघानं आलंच. रोबोटिक्स, कॅलिग्राफी, झुम्बा, गॅसशिवाय स्वयंपाक आणि पालकांचं सगळ्यात लाडकं पब्लिक स्पीकिंग. मी तिथे मराठी शिकवते. मीही हौसेनं एक क्लब जाहीर केला, वाचनकट्टा. नाव द्यायला दोन मुली आल्या. त्यातली एक चुकून आलेली, तिला वाटलं कट्ट्यावर नुसत्या गप्पा मारायच्या असतात. तिला खरं काय ते कळलं आणि ती बेकिंगला गेली. दुसरी तिची मैत्रीण होती, तीही गेली.

मग आमच्या ॲक्टिव्हिटी बघणाऱ्या तरुण बाई माझ्याकडे आल्या. "मॅम, तुम्ही खो-खो घ्याल का? तुम्ही खेळलाय ना?" एकदा स्टाफरूममध्ये डबा खाताना मी बढाई मारली होती, की शाळेत असताना माझ्या पाठलागाला अख्खं गाव भ्यायचं. ती बढाई अशी अंगाशी आली. गुडघे उठता-बसता कुरकुरतात, डॉक्टर जिने चढू नका म्हणतात, आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभी! घरी नवरा दोन दिवस हसत होता.

मैदान म्हणजे शाळेच्या मागचा लाल मातीचा तुकडा. पलीकडे टॉवर उठतोय, त्यामुळे दिवसभर ठोकाठोक. मुलगे सगळे फुटबॉलला पळाले होते, माझ्या वाट्याला मुली आल्या. आल्या त्याही कशा, तर पांढरेशुभ्र मोजे सांभाळत. पहिल्या दिवशी एकीनं मला विचारलं, "मॅम, डायरेक्ट मातीतच बसायचं?" मी म्हटलं, "नाही गं, तुझ्यासाठी सोफा सांगितलाय." त्या मुलीनं खरंच मागे वळून बघितलं.

राग आला की मला मुलांची नावं आठवत नाहीत, त्यांच्या स्कूलबसचं गाव आठवतं. त्यामुळे माझ्या मैदानावर 'ए खारघर', 'ए सुकापूर' अशाच हाका चालायच्या. इथेही मी तेच म्हणणार आहे. सुकापूर माझी कॅप्टन. मूळ तिथल्याच घरातली, आता वडील बिल्डर झालेत, मोठ्या गाडीनं पेरेंट्स मीटिंगला येतात. पण पोरगी अस्सल. वर्गात शुद्ध इंग्रजी आणि मैदानात उतरली की 'आमी, तुमी, हाय, नाय' सुरू. मला तिचं ते मैदानातलं बोलणं फार आवडायचं, पण तसं तोंडावर सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती.

आणि खारघर. ती त्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून आलेली, सुकापूरच्याच वर्गात, सातवीत. माझ्याच वर्गातली. मराठीच्या तासाला 'प्रेझेंट मॅम' चालणार नाही, 'हजर' म्हणायचं, हा माझा जुना हट्ट. पोरं तो शब्द असा काही खेचतात, की वाटावं तुरुंगात कैद्यांची गिनती चाललीय. या नव्या मुलीचं नाव घेतलं की मात्र अगदी हळू आवाजात यायचं, "सॉरी, हजर." मला वाटलं, वा, काय वळण लावलंय आईबापांनी. कधी कधी तेवढंही यायच्या आत तिच्या बाकावरची मुलगी सांगून टाकायची, "आहे मॅम, हजर आहे." मी पुढच्या नावाकडे जायचे. एवढी हजेरी घ्यायची असते, कोण थांबतंय?

खो-खोत तिला पळताना पाहिलं आणि मी शिट्टी वाजवायची विसरले. काय पळायची ती पोरगी! खांबाला वळसा घालताना असं अंग झोकून द्यायची की आपल्याच छातीत धस्स व्हावं. मोज्यांची पर्वा नाही, खरचटण्याची नाही. ज्या वेगानं मी पळायचे असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आले होते, त्या वेगानं ती खरोखर पळत होती.

पण खो-खोत नुसतं पळून भागत नाही. पाठलाग करणारीनं पुढे बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं 'खो' म्हणायचं. मग तो उठतो आणि पळणाऱ्याच्या मागे लागतो. शब्द यायच्या आत उठला तर फाऊल. आमची खारघर धावत आली, पुढच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सॉरी, खो."

मी कपाळावर हात मारला. "अगं सॉरी कसलं? पंगतीत कुणाला धक्का लागलाय का?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. पण पुढच्या वेळी सॉरीही आलं नाही आणि खोही. नुसता हात लागला. बसलेली मुलगी सवयीनं उठली, फाऊल. पुन्हा तेच, पुन्हा फाऊल. पुढच्या शनिवारीही तेच. तिच्या हातात खेळ आला की तो तिथेच अडायचा. शेवटी कॅप्टन तणतणत माझ्याकडे आली.

"मॅम, ती बोलतच नाय. हात लावते आणि गप. आमी उठलो की फाऊल. आमी करायचं काय? तिला बाहेर बसवा."

आंतरशालेय सामने जवळ आले होते, तेही खारघरमधल्याच एका शाळेच्या मैदानावर. बाकीच्या मुलींचंही तेच म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. एवढी पळणारी पोर राखीव ठेवायची म्हणजे जिवावर येत होतं, पण दुसरं काय करणार?

त्याच दिवशी तिची बस चुकली आणि तिला न्यायला आई आली. हातात ऑफिसची बॅग, तोंडावर घाई. मी आपलं सहज म्हटलं, "अहो, पोरगी वाऱ्यासारखी पळते, पण खो द्यायला लाजते. घरी जरा ओरडायची सवय लावा तिला."

आई थांबली. मुलगी लांब नळावर पाय धूत होती. तिच्याकडे एकदा बघून आई हळू आवाजात म्हणाली, "मॅम, ती लाजत नाही. तिचे शब्द अडकतात. पहिलाच शब्द अडकतो. सॉरी म्हणून सुरुवात केली की कधी कधी पुढचा सुटतो, म्हणून ती सॉरी म्हणते. स्पीच थेरपी चालू आहे. शाळेत सांगू नकोस म्हणाली होती, म्हणून मी बोलले नाही."

आई पुढे म्हणाली, "क्लब निवडायचा होता तेव्हा तिनं सगळ्यांची चौकशी केली. प्रत्येकात बोलायला लागतं. चित्रकलेतसुद्धा शेवटी उभं राहून आपलं चित्र समजावून सांगायचं असतं. मग मला म्हणाली, आई, खो-खोत एकच शब्द असतो. एक शब्द तरी येईल मला."

मुलगी ओले पाय घेऊन आली आणि दोघी गेल्या. मी रिकाम्या मैदानात शिट्टी हातात घेऊन उभी. एक शब्द! तोही मी तिच्याकडून काढून घ्यायला निघाले होते. तिला बाहेर बसवलं तर ती घरी जाऊन आईला काय सांगणार, की तो एकसुद्धा नाही आला?

पुढच्या शनिवारी मी जाहीर केलं, "खारघर टीममध्ये आहे आणि खेळणार आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर पोटात ठेवा." कारण सांगितलं नाही, कारण सांगायचा अधिकार माझा नव्हता. पण मुली काय आंधळ्या असतात? वर्गात त्या रोज तिच्याबरोबर बसतात. माझ्याआधी त्यांना कळलेलं असणार, फक्त कळलंय हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता पुढे काय करायचं याचा मला पत्ता नव्हता. मी थेरपिस्ट थोडीच! टाळीच्या ठेक्यावर खो म्हणायला लावलं, सगळ्यांना ओळीत बसवून एका सुरात ओरडायला लावलं. सगळ्यांबरोबर ओरडताना तिचा खो खणखणीत यायचा. एकटीवर आलं की बंद. शेजारच्या टॉवरवरचे कामगार मात्र काम थांबवून आमचा तमाशा बघायला लागले.

तोडगा कॅप्टननंच काढला. तिच्या घरात सगळे कबड्डीवेडे. ती खारघरला म्हणाली, "ए, कबड्डीत दम लावतात ना, तसं कर. पळतानाच हळूहळू खोखोखो चालू ठेव. माझ्याजवळ आलीस की शेवटचा जोरात. मग सुरुवात करायलाच नको, चालूच हाय ना!"

आणि काय सांगू, चाललं की हो! ओठातल्या ओठात खोखोखो करत ती यायची, आणि पाठीवर हात पडला की 'खो!' असा यायचा की बसलेली दचकायची. तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते बघायला मी गुडघ्यांचे सगळे लाड सोडून उभी राहायचे. खोटं कशाला बोलू, जीव लागला होता माझा त्या पोरीत.

सामन्याच्या दिवशी ऊन मरणाचं. समोरचा संघ तयारीचा, त्यांच्या मुलींचे बूटसुद्धा एकसारखे. आमच्या पाठलागाची पाळी आली. खारघर उठली आणि दोन मुलींना तिनं बघता बघता बाद केलं. प्रेक्षकांत तिची आई होती, तिनं तोंडावर दोन्ही हात ठेवले होते. आणि तेवढ्यात पंचांनी शिट्टी वाजवली. ही पळताना काय पुटपुटते, असं त्यांचं म्हणणं. बसलेल्या मुलींना खुणावतेय असा त्यांना संशय आला. "कुजबुज बंद! खो द्यायचा तेव्हाच तोंड उघडायचं."

मी पुढे झाले, काहीतरी बोलणार होते. खारघरनं लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मी परत जागेवर आले. पंचांचं चुकलं नव्हतं, त्यांना काय माहीत?

खेळ सुरू झाला. ती ओठ घट्ट मिटून धावली. समोरची मुलगी झुकांडी देऊन ओळीच्या पलीकडे गेली, आणि पुढच्या चौकात कॅप्टन बसलेली. खो द्यायची हीच वेळ. खारघरचा हात तिच्या पाठीवर पडला.

आणि शब्द आला नाही.

मी बघत होते. तिची मान ताठ झाली, हनुवटी वर गेली, तोंड उघडं आणि आवाज नाही. माझ्या तोंडात आलेला खो मी अक्षरशः गिळला. पळणारी मुलगी लांब जाऊन उभी राहिली, चकित होऊन बघू लागली. आता कॅप्टन उठणार, शिट्टी वाजणार, संपलं. पण सुकापूरची पाठ हलली नाही. ती ओणवी बसून होती, एक पाय मागे, बोटं मातीत रुतवलेली, नजर समोर. बाकीच्या सगळ्याही बसून होत्या. समोरच्या संघातून कुणीतरी हसलं. तरीही कुणी वळून बघितलं नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही, मला तो फार वाटला.

मग खो आला. फाटलेल्या आवाजात आला, पण सगळ्या मैदानाला ऐकू गेला. कॅप्टन सुटली. पळणारी तोवर हाती लागण्यातली राहिली नव्हती, आणि सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण शिट्टी वाजली नाही. फाऊल नव्हताच मुळी.

परतताना बसमध्ये मी कॅप्टनला विचारलं, "काय गं, उठावंसं नाही वाटलं?"

माझ्याकडे तिनं असं बघितलं जसं काही मलाच खेळ येत नाही. "तिनं खो दिला नव्हता ना मॅम. मग उठू कशी?" आणि ती खिडकीजवळच्या जागेवरून कुणाशी तरी भांडायला गेली.

सोमवारी मी सातवीवर गेले आणि हजेरी सुरू केली. कैद्यांची गिनती नेहमीसारखी चालली होती. खारघरचं नाव घेतलं. ती उभी राहिली. तिच्या मानेकडे बघून मला कळलं, की शब्द अडकलाय. बाकावरच्या मुलीनं सवयीनं तोंड उघडलं, "मॅम, ती ह..."

"ए, फाऊल!" मागच्या बाकावरून सुकापूर ओरडली. "तुला खो मिळाला का?"

वर्ग हसला. ती बाकावरची मुलगी जीभ चावून गप्प बसली. मग हसू थांबलं आणि सगळे बसून राहिले. मीही पुढचं नाव घेतलं नाही. पेन खाली ठेवलं आणि थांबले.

"हजर," ती म्हणाली.

सॉरी नव्हतं. मला पुढचं नाव दिसेना, अक्षरं पुसट झाली होती. मग मी चष्मा काढला आणि उगाचच वर्गावर खेकसले, की फळा कुणी पुसायचा ठेवलाय?