मिलिंदचा शुक्रवारचा वर्ग

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मुहर्रक गावातल्या माझ्या दुकानात एका फिलिपिनो बाईशी मोबाइलच्या कव्हरवरून घासाघीस करत होतो. तीही तिच्याच भाषेत. ती भाषा मला मिलिंदने दिली होती... कव्हर तिच्या हातात तसंच ठेवलं आणि शटर ओढलं.

मिलिंद गायकवाड नागपूरचा, विमानतळावर इंजिनिअर. हाताखालची निम्मी माणसं फिलिपिनो, म्हणून तो त्यांची तगालोग भाषा शिकला आणि दर शुक्रवारी माहूज भागातल्या आपल्या घरी आम्हा मराठी मंडळींनाही शिकवू लागला. माझं सगळं पुस्तकी. गिऱ्हाईक ‘मागकानो तो?’ म्हणालं की अडायचो. ‘मागकानो’ म्हणजे ‘कितीला’, पण हे ‘तो’ काय?

“अबे, ‘इतो’ म्हणजे ‘हे’. बोलताना ‘इ’ गिळतात. तू बायकोला ‘काय करत आहेस’ विचारतो का?”

“‘काय करतेयस’ विचारतो.”

“मग! तुझं चालते, त्यांचं काऊन नाही चालत?”

इथल्या मराठी मंडळातल्या शहाण्यांना यात बाई दिसली. आयुष्यभर ‘खलास’ म्हणजे संपलं आणि ‘मफी’ म्हणजे नाही, या दोन अरबी शब्दांवर निभावणाऱ्यांना वाटतं, दुसऱ्याची भाषा शिकायला प्रेमप्रकरणच लागतं! आणि हे निघालं कुठे, तर शोकसभेत. त्रिसरण-पंचशील झालं, सेक्रेटरी माइकवर ‘मिलिंदरावांचे फिलिपिनो छंद’ म्हणाला, मागे दोघे फिसकन हसले. समोर मिलिंदची बायको सुनंदावहिनी, शेजारी त्यांची कॉलेजातली मुलगी. मिलिंदच्या कामावरची माणसं यांनी दाराशी, शेवटच्या रांगेत बसवलेली. मराठी त्यांना काय कळणार म्हणून!

मी ताडकन उठलो. “ओ साहेब, छंद कसला ते नीट सांगा की!”

वहिनींनी हातानेच मला बसवलं. त्या उठून शेवटच्या रांगेपाशी गेल्या आणि रडणाऱ्या फोरमनशी तगालोगमध्ये बोलू लागल्या. भरभर, शब्द गिळत... मला निम्मंही कळेना. मग त्या सगळ्यांना त्यांनी पुढच्या रांगेत आणून बसवलं.

“अंकल, मम्मा वॉज हिज फर्स्ट स्टुडंट,” मुलगी नंतर म्हणाली. जेवताना दोघं रोज हीच भाषा बोलायचे.

माफी कुणी मागितली नाही. अजून नाही.

वर्ग आता वहिनी घेतात. गेल्या शुक्रवारी दारात सेक्रेटरी. “वहिनी, मलाही शिकवा. ऑफिसात फिलिपिनो लोकांशी बोलताना फार अडतं हो.”

“आधी माफी,” मी म्हणालो, “मग धडा.”

त्याने मान खाली घालून नुसत्या चपला काढल्या. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सरका जरा.” उशिरा आलेल्याला आधी जागा करायची, मग पुढचा शब्द... ही मिलिंदची रीत त्या घरात अजून चालते.

मी सरकलो. वीतभरच.