चार बोटं उंच जीप

माझ्या लेकीची, म्हणजे तुमच्या आईची, डोंगराच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रात नेमणूक झाली, तेव्हा आम्ही पनवेललाच राहत होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. केंद्र घरापासून फार लांब नव्हतं, पण शेवटचा टप्पा म्हणजे रस्ता नव्हताच. मोठाले धोंडे, एक ओढा आणि ओढ्यात उतरणारा खडा उतार. एसटी अलीकडच्या गावापर्यंतच जायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला रोज तिथे जायचं होतं, एकटीने.

तुमच्या आजोबांनी यावर उपाय म्हणून एक जुनी जीप आणली. उरणकडे बंदराच्या कामावर ती बरीच वर्षं राबली होती. खाऱ्या हवेने तिच्या दारांची खालची कड चाळणीसारखी झाली होती. "कंपनीतून नवी घेण्यापेक्षा हीच आपण घरी सुधारू," आजोबा म्हणाले. नवी वस्तू शक्यतो घ्यायची नाही, जुनीतून काम भागवायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांना हाताशी एक मेकॅनिक मिळाला. विचुंब्याकडचा माणूस, दिवसा हमरस्त्यावरच्या गॅरेजात कामाला, संध्याकाळी आणि रविवारी आमच्या अंगणात.

काम म्हणाल तर साधं होतं. जीप ठोकळ्यांवर चढवली. प्रत्येक चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत भंगारातून आणलेला एकेक जादा पाटा घातला, त्यामुळे गाडी चार बोटं उंच झाली. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून धुराचा पाईप वळवून वर टपापर्यंत नेला. इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला. पाण्याच्या जुन्या पाइपांचा बंपर जोडला. तुमची आई ठेंगणी, तिचा पाय क्लचवर नीट पोचेना, म्हणून आजोबांनी पेडलवर सागाचा तुकडा बसवला. तेवढं एकच काम मला मनापासून आवडलं.

त्या मेकॅनिकवर मात्र माझा विश्वास बसत नव्हता. वर्षभरापूर्वी मी मिक्सर दुरुस्तीला दिला होता, तो परत आला तो दुसरीच मोटर घेऊन. तेव्हापासून दुरुस्ती हा शब्द ऐकला की मी सावध होत असे. शिवाय हा माणूस माझ्या नजरेला नजर देत नसे. येताना त्याची पिशवी रिकामी असायची, जाताना जड दिसायची. "जुने नट असतात त्यात," आजोबा म्हणत. मी चहा घेऊन गेले की दोघांचं कुजबुजणं थांबायचं. आजोबा एकदम हवापाण्याचं बोलू लागायचे, आणि हवापाणी हा त्यांचा विषय कधीच नव्हता.

नवमीच्या आदल्या दिवशी त्याने मलाच विचारलं, "बाई, दसऱ्याला दुपारी तुमी घरी हाय का?"

"का बरं?"

"काय नाय. असंच."

असंच कोणी विचारत नाही. दसऱ्याला दुपारी आम्ही सगळे उरणला नणंदेकडे सोनं द्यायला जाणार होतो, आणि ते त्याला ठाऊक झालेलं दिसत होतं. आमच्या मागे हा गाडीचे चांगले भाग काढून टुकार भाग बसवणार, अशी माझी खात्री झाली. त्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तो उतार उतरणार होती. आजोबांना सांगावं तर ते म्हणाले असते, "तुला सगळे चोरच दिसतात." ते तसं आधी दोनदा म्हणालेही होते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रयोगशाळेत कोणी बाटली उघडली का हे कळावं म्हणून मी बुचावरून बाटलीच्या मानेपर्यंत एक बारीक रेघ ओढून ठेवायची. बूच फिरलं की रेघ तुटते. तीच युक्ती मी इथे केली. रंग वापरला असता तर सगळ्यांच्या डोळ्यांवर आला असता. खंडेनवमीला आजोबांच्या पान्या-हातोड्यांची पूजा होणारच होती, तेव्हा कुंकवाकडे कोण बघतो? मी खोबरेल तेलात कुंकू कालवलं, गोणपाट अंथरलं आणि साडी खोचून गाडीखाली शिरले. चाकांचे नट, पाट्यांचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्यांचे नट, जिथे जिथे हात पोचला तिथे काडीने एकेक रेघ ओढली.

दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी जीपला झेंडूची माळ घातली. आम्ही उरणला जाऊन संध्याकाळी परतलो. साडीही न बदलता मी टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली गेले. एकही रेघ तुटलेली नव्हती. मला हायसं वाटलं, आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. मनात म्हटलं, माणूस प्रामाणिक निघाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दूध घ्यायला दार उघडलं, तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. आणि तो मेकॅनिक हातातल्या चिंधीने माझं कुंकू पुसत होता.

"बाहेर या आधी!" मी ओरडले. "काय चोरताय?"

तो सरपटत बाहेर आला. एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात एक नवी कोरी रबरी नळी. माझ्या आवाजाने आजोबाही दारात आले, मागून तुमची आई डबा भरता भरता आली.

"चोरतोय? बाई, ही नळी बगा," तो म्हणाला. "ब्रेकचं तेल हिच्यातून जातं. आपण गाडी उचलली, पन जुनी नळी तेवडीच ऱ्हायली. चाक खड्ड्यात गेलं का ती ताणते. ताणून ताणून एक दिस तुटंल. मंग ब्रेक नाय. म्हणून ही लांब आणली, दोन्ही चाकांना."

मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

त्याने आजोबांकडे पाहिलं. "साहेबांना आठ दिस झाले सांगून."

"तुला सांगितलं असतं तर तू तिला जाऊच दिलं नसतंस," आजोबा म्हणाले.

"नसतंच दिलं!"

"म्हणूनच. काल आपण उरणला गेल्यावर हा बदलणार होता. मला वाटलं, बदलली."

"आलो होतो ना काल," तो म्हणाला. "माझी हत्यारं नवमीला पुजलेली, ती दुपारी उचलायला हरकत नव्हती. पन हितं बगतो तर गाडीला माळ, आन् खाली नटानटाला कुंकू. पुजलेल्या गाडीला त्याच दिवशी पाना नाय लावत आमी. म्हटलं बाईंनी एवडी मनापासून पूजा केलीय, सकाळी लवकर येऊन करू."

मला खरं सांगणं भाग होतं. "ती पूजा नव्हती," मी म्हणाले. "तुम्ही काही काढता का, ते कळावं म्हणून ती खूण केली होती."

तो चिंधीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे सील! गॅरेजात गिऱ्हाईक डोक्यावर उभं ऱ्हातं, ते समजतं. तुमी तर कुंकवालाच पहाऱ्याला बसवलंत."

"आई!" तुमची आई म्हणाली. एवढंच.

तो आज उशिरा आला असता, तर तुमची आई त्या ताणलेल्या नळ्यांनिशी निघून गेली असती, आणि काल नळ्या बदलण्यापासून त्याला अडवलं होतं ते माझ्याच रेघांनी. हे तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो तोवर पुन्हा गाडीखाली गेला होता.

नळ्या बसल्या. मग खालून आवाज आला, "बाई, वर बसा आन् ब्रेकचं पेडल मारा. आत शिरलेली हवा काढायचीय."

मी आजोबांकडे पाहिलं. "तुलाच सांगतोय तो," ते म्हणाले.

मी चालकाच्या जागेवर चढून बसले.

"दाबा. धरून ठेवा. आता सोडा. पुन्ना दाबा. बाई, सांगितल्याबिगर सोडायचं नाय!"

वर्गात मी ज्या आवाजात बोलत असे, तोच आवाज त्याने लावला होता. मी दाबत होते, धरत होते, सोडत होते. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट होत गेलं.

काम झाल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्ही आज तिच्याबरोबर त्या उतारापर्यंत जाल का?"

"माझी ड्युटी हाय. शेठ ओरडंल."

"मी त्यांना चिठ्ठी लिहून देते."

"शाळेत देतात तसली?" तो पहिल्यांदा हसला. "द्या मंग."

मी चिठ्ठी लिहिली आणि मीही गाडीत बसले. तुमच्या आईने विरोध केला नाही, पण रस्ताभर माझ्याशी बोललीही नाही. मेकॅनिक मागे उकिडवा बसून खालचे आवाज ऐकत होता. धोंड्यांवरून जाताना एकेक चाक खड्ड्यात जाऊन वर येत होतं, आणि दर वेळी मला ती नळी ताणलेली दिसत होती.

ओढ्याचा उतार आला. "ताई, मधेच थांबवा," तो म्हणाला. "मुद्दाम."

तुमच्या आईने ब्रेक दाबला. गाडी नाक खाली करून जागच्या जागी उभी राहिली. समोर ओढ्याचं पाणी वाहत होतं. "तसाच दाबून धरा," म्हणत मेकॅनिक उतरला. त्याने पुढच्या दोन्ही चाकांमागे हात घालून नळ्या चाचपल्या आणि बोटं माझ्यासमोर धरली.

"कोरडं हाय, बाई. तेल गळत नाय."

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग खाली उतरले, पदर सावरून वाकले आणि स्वतःचं बोट लावून पाहिलं, आधी एका चाकाला, मग दुसऱ्याला. कोरडंच होतं.

"चल," मी तुमच्या आईला म्हणाले.